दुकानाचा हिशेब आणि दहावीचे गुण: पेसांत्रेनकडून काय घ्यावे

मराठवाड्यात मुलींचा निवासी मदरसा चालवणाऱ्या एका व्यवस्थापकांचा प्रश्न आहे. देणगीतून शिवणयंत्रे आणि काही संगणक आले आहेत, रोज दोन तास ‘जीवनकौशल्य’ ठेवायचे घाटते आहे, आणि पालकांना धास्ती आहे की हिफ्ज, म्हणजे कुरआनचे पाठांतर, तेही मागे पडेल आणि दहावीही. इंडोनेशियातल्या इस्लामी निवासी शाळांत, म्हणजे पेसांत्रेनमध्ये, हे वर्षानुवर्षे चालते असे त्यांच्या कानावर आले आहे. तिथे मुलांची अभ्यासातली प्रगती याने खरोखर वाढते का, आणि वाढत असेल तर आपल्याकडे काय करावे, असे त्यांनी विचारले आहे.

निवासी शाळांच्या शिक्षकांचे प्रशिक्षण हेच माझे काम, आणि त्यातली काही वर्षे मी पूर्व जावातल्या पेसांत्रेनच्या शिक्षकांबरोबर काढली. म्हणून सरळ सांगते. प्रगती वाढते, पण वेळापत्रकात घुसवलेल्या दोन तासांनी ती वाढताना मला दिसली नाही. मुलीने तिचे काम केले नाही तर दुसऱ्या कुणाचे तरी अडते, आणि त्या कामावर रोज एखादी जाणती व्यक्ती तिच्याशी बोलायला बसते, अशा ठिकाणी अभ्यासात फरक पडतो. शिवण आणि संगणक जरूर शिकवा. त्यातून गुण वाढतील अशी आशा मात्र पालकांना दाखवू नका.

आधी पेसांत्रेन म्हणजे काय ते थोडे. कियाई, म्हणजे तिथले प्रमुख आलिम, धर्मविद्वान. त्यांच्याभोवती राहणारी मुले, ज्यांना सांत्री म्हणतात. राहण्याच्या खोल्या, मशीद आणि ‘किताब कुनिंग’ म्हणून ओळखले जाणारे जुने अरबी ग्रंथ, या पाच गोष्टींवर ती उभी असते. देशभरात अशा तीस हजारांहून जास्त संस्था आहेत. काही फक्त दीनी, म्हणजे धार्मिक, ग्रंथ शिकवतात, अनेक ठिकाणी सोबत सरकारमान्य मदरसा किंवा शाळा असते. सगळ्या एका साच्यातल्या नाहीत, म्हणून ‘पेसांत्रेनमध्ये असे होते’ असे कुणी एका वाक्यात सांगितले की मी आधी विचारते, कोणत्या?

जीवनकौशल्य हा शब्द तिथे सरकारी कागदातून आला. २००३ च्या राष्ट्रीय शिक्षण कायद्याने अनौपचारिक शिक्षणात त्याला जागा दिली. २००५ च्या नियमांनी शाळांच्या अभ्यासक्रमातही ते घेण्याची मुभा दिली आणि त्याचे चार भाग सांगितले: वैयक्तिक, सामाजिक, शैक्षणिक आणि व्यावसायिक. कागदावर चारही सारखे आहेत. प्रत्यक्षात पैसा चौथ्याकडे धावतो, कारण यंत्रांचा फोटो काढता येतो. एका ठिकाणी मला अभिमानाने कौशल्याची खोली दाखवली. यंत्रे प्लास्टिकखाली होती, किल्ली एकाच शिक्षकाकडे, आणि तो आठवड्यातून एकदा शहरातून यायचा. मुली रांगेने बसून उशीच्या अभ्र्याची एक बाजू शिवायच्या आणि पुढच्या तुकडीला जागा करून द्यायच्या. वर्षअखेर प्रमाणपत्र मिळाले. त्या मुलींच्या गणितात किंवा अरबीत याने फरक का पडावा, याचे उत्तर तिथल्या मुख्याध्यापिकांनाही देता येत नव्हते.

याच्या अगदी उलट टोकाला गोंतोर आहे. पूर्व जावातल्या पोनोरोगोजवळ १९२६ साली अहमद सहल, झैनुद्दीन फनानी आणि इमाम झरकशी या तीन भावांनी ही संस्था उभी केली. १९३६ मध्ये तिथे सहा वर्षांचा शिक्षक घडवणारा अभ्यासक्रम सुरू झाला आणि आज कितीतरी पेसांत्रेन त्याच नमुन्यावर चालतात. संस्थेच्या पाच मूल्यांत निष्ठा, साधेपणा, बंधुभाव आणि स्वातंत्र्य यांच्याबरोबर ‘बर्दिकारी’ आहे, म्हणजे आपल्या पायावर उभे राहणे. तिथे जीवनकौशल्याचा वेगळा तास शोधू नका, सापडणार नाही. पाचव्या वर्षाची मुले धाकट्यांच्या खोल्या सांभाळतात, सहाव्या वर्षाची मुले विद्यार्थी संघटना चालवतात: दुकान, खेळ, ग्रंथालय, भाषेचा विभाग, पाहुण्यांची व्यवस्था. रोजचे बोलणे अरबी आणि इंग्रजीत, ठरावीक काळाने आलटून पालटून. आठवड्यात भाषणाचा सराव असतो, आणि त्यात बोलणाऱ्याइतकेच ऐकून प्रश्न विचारणाऱ्यालाही काम असते.

याच पद्धतीच्या एका मुलींच्या पेसांत्रेनमध्ये शेवटच्या वर्षाचा पाठ मी मागच्या बाकावर बसून पाहिला. त्याला ‘अमलियतुत्तद्रीस’ म्हणतात. सतरा-अठरा वर्षांची मुलगी धाकट्या वर्गाला अरबी शिकवत होती. पाठाचे टिपण तिने आधी शिक्षिकेकडून तपासून सही करून घेतले होते. वर्गाच्या भिंतीला लागून तिच्या मैत्रिणी उभ्या होत्या, हातात वह्या. तास संपल्यावर त्या एका खोलीत जमल्या आणि ‘नक्द’ सुरू झाली, म्हणजे दोष दाखवण्याची बैठक. एकीने सांगितले की नवा शब्द फळ्यावर लिहिण्याआधीच तू त्याचा अर्थ देऊन टाकलास, मुलींना तर्क करायला वेळच दिला नाहीस. दुसरीने क्रियापदाचे रूप चुकल्याचे दाखवले. तिसरी म्हणाली, उजव्या कोपऱ्यातल्या मुलीने दोनदा हात वर केला, तुझे लक्ष गेले नाही. शिकवणारी मुलगी प्रत्येक मुद्दा लिहून घेत होती, मध्ये बोलत नव्हती. शेवटी शिक्षिकेने त्यातले दोन आक्षेप चुकीचे ठरवले आणि का ते सांगितले.

या एका बैठकीत काय काय आले पाहा. भाषेचा अचूक वापर, विषय पुरता कळल्याशिवाय जमणारच नाही अशी मांडणी, टीका ऐकण्याची ताकद, दुसऱ्याची चूक न दुखावता सांगण्याचे कसब. आणि हे सगळे अभ्यासाच्या विषयावरच, त्याच्या बाहेर जाऊन नाही. जी मुलगी महिनाभराने आपल्याला हा पाठ द्यायचा आहे हे जाणते, ती अरबी व्याकरण वेगळ्याच जिद्दीने वाचते. संपादणूक वाढते ती इथे. तुमच्याकडे नववी-दहावीच्या मुलींनी पाचवी-सहावीच्या मुलींना गणिताचा किंवा तजवीदचा, म्हणजे कुरआनच्या शुद्ध उच्चाराचा, एक नीट आखलेला पाठ द्यायचा आणि मग अशी बैठक घ्यायची, याला एक पैसाही लागत नाही. शिवणयंत्रे खोक्यातून काढण्याआधी हे सुरू करा असा माझा आग्रह आहे.

तुम्ही म्हणाल, गोंतोर आधुनिक आहे, आमची संस्था जुन्या वळणाची. तर जुन्या वळणाच्या पेसांत्रेनमध्येही हेच बी आहे. ‘सोरोगान’ पद्धतीत एकेक सांत्री किताब घेऊन उस्तादांसमोर बसतो आणि स्वतः वाचून अर्थ लावतो. अडला की तिथेच अडतो, गर्दीत लपता येत नाही. केदिरीच्या लिरबोयोसारख्या पेसांत्रेनमध्ये ‘बहसुल मसाइल’च्या बैठका होतात. रोजच्या व्यवहारातला एक प्रश्न ठेवतात, उदाहरणार्थ माल न पाहता फोनवरून केलेली खरेदी कधी वैध ठरते, आणि मुले वेगवेगळ्या ग्रंथांतली वचने काढून बाजू मांडतात. समोरचा म्हणतो, हे वचन या प्रसंगाला लागू नाही. मग दोघेही पुन्हा ग्रंथ उघडतात. चिकित्सक विचार, संवाद, निर्णय अशी जी यादी जागतिक आरोग्य संघटनेच्या जीवनकौशल्यांत आपण वाचतो, तिचे निम्मे काम त्या चटईवर होते. आपल्या मदरशांतही मुनाझऱ्याची, म्हणजे वादविवादाची, आणि तकरारची परंपरा आहे. धडा संपल्यावर एकाने दुसऱ्याला तो पुन्हा समजावून सांगायचा, ही तकरार कितीतरी ठिकाणी नुसते एकसुरात म्हणणे होऊन बसली आहे. तिच्यात जीव आणणे कोणत्याही नव्या योजनेपेक्षा स्वस्त आणि फलदायी आहे.

आता कमाईच्या कौशल्यांकडे येते, कारण तुमच्या देणगीदारांना तेच हवे असणार.

पासुरुआनची सिदोगिरी ही अठराव्या शतकापासूनची पेसांत्रेन. तिची सहकारी संस्था १९६१ पासून आहे आणि तिच्याशी जोडलेल्या बिनव्याजी पतसंस्थांचे जाळे १९९७ नंतर आसपासच्या बाजारांत पसरले. पश्चिम जावात बांडुंगच्या डोंगराळ भागात, चिविदेच्या बाजूला, अल-इत्तिफाक ही पेसांत्रेन भाजीपाला पिकवून सुपरमार्केटांना पुरवते. सांत्री पेरणीपासून प्रतवारी आणि पॅकिंगपर्यंत सगळे शिकतात. या दोन्ही ठिकाणी एक गोष्ट सारखी आहे: माल खरा, गिऱ्हाईक खरे, तोटा झाला तर तोही खरा. सुपरमार्केट वाईट गाजर परत पाठवते, तिथे शिक्षकाला रागवावे लागत नाही. २०१९ च्या सुमारास पश्चिम आणि पूर्व जावाच्या प्रांतिक सरकारांनी ‘एक पेसांत्रेन, एक उत्पादन’ अशा योजना आणल्या, त्यामागे याच संस्थांचे यश होते. पण नक्कल करणाऱ्या अनेकांनी उत्पादन घेतले आणि गिऱ्हाईक विसरले. साबण, चिप्स, बाटलीबंद पाणी, सगळे संस्थेच्याच दुकानात संस्थेच्याच मुलांना विकायचे. त्याला मी उद्योगशिक्षण म्हणणार नाही.

विद्यार्थ्यांनी चालवलेल्या दुकानाचे तसे नाही. तिथे गिऱ्हाईक आतलेच असले तरी हिशेब खरा असतो. एका पेसांत्रेनमध्ये रात्रीच्या नमाजनंतर दोन मुली वही घेऊन बसलेल्या पाहिल्या. गल्ल्यात रक्कम कमी भरत होती. उस्ताजा, म्हणजे शिक्षिका, शेजारी बसून होत्या, पण आकडा त्यांनी सांगितला नाही. मुलींनी दिवसभराच्या नोंदी वस्तूवार लावल्या, शिल्लक माल मोजला आणि उधारीवर विकलेल्या वह्यांची नोंद राहिल्याचे त्यांच्याच लक्षात आले. दुसऱ्या दिवसापासून उधारीसाठी वेगळे पान झाले. टक्केवारी, नफा-तोटा, शिल्लक हे शब्द या मुलींना पुस्तकात भेटले तेव्हा ते आधीच ओळखीचे होते. पण उस्ताजा बसल्या नसत्या, तर ती वही आठवडाभरात बंद पडली असती आणि एखाद्या मुलीवर चोरीचा आळ आला असता, हेही तितकेच खरे.

मुलींसाठी म्हणून पश्चिम सुमात्रातल्या पादांग पांजांगच्या दिनिया पुत्रीचे नाव घेतल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. रहमा अल-युनुसिया यांनी ती १ नोव्हेंबर १९२३ रोजी सुरू केली, तेव्हा त्या स्वतः जेमतेम बावीस-तेवीस वर्षांच्या होत्या. १९२६ च्या भूकंपात इमारत गेली. त्यांनी फिरून निधी जमवला आणि पुन्हा उभी केली. दीनी विषयांबरोबर विणकाम, आरोग्य, घरचा कारभार असे विषय तिथे होते, आणि ते दीनी विषयांच्या खालच्या पायरीवर ठेवलेले नव्हते. १९५७ मध्ये कैरोच्या अल-अझहर या इस्लामी विद्यापीठाने रहमा यांना ‘शैखा’ ही पदवी दिली. त्या काळात ‘मुलींना शिवण शिकवा म्हणजे पुरे’ असे म्हणणारे भरपूर होते. रहमा यांनी मुलींच्या हातात माग दिला आणि फिक्हचा, म्हणजे इस्लामी कायद्याचा, ग्रंथही दिला, दोन्ही पुरते. तुमच्याकडे शिवणवर्ग सुरू होईल तेव्हा हा तोल कुणीतरी सांभाळायला हवा, नाहीतर हुशार मुली अभ्यासाकडे आणि ‘बाकीच्या’ शिवणाकडे अशी वाटणी आपोआप होते आणि त्या बाकीच्या मुली स्वतःला तसेच समजू लागतात.

संशोधन काय सांगते, हेही तुम्ही विचारले आहे. पेसांत्रेनविषयीचे पुष्कळ अभ्यास एकाच ठिकाणचे असतात: मुलांकडून जीवनकौशल्याची प्रश्नावली भरून घ्यायची, शेजारी प्रगतिपुस्तकातले गुण मांडायचे आणि दोन्हींचा संबंध काढायचा. संबंध बहुधा निघतो. पण प्रश्नावली मूल स्वतःबद्दल भरते, आणि जबाबदारीची पदे मुळात अभ्यासात बऱ्या असलेल्या मुलांनाच मिळतात. मग कशामुळे काय झाले ते कळत नाही. जास्त भक्कम आधार हवा असेल तर २०११ मध्ये प्रसिद्ध झालेला एक एकत्रित अभ्यास पाहावा. भावनिक आणि सामाजिक कौशल्यांच्या २१३ शालेय कार्यक्रमांचा, २ लाख ७० हजार मुलांचा तो आढावा आहे, आणि त्यात अभ्यासातली सरासरी वाढ ११ शतमकांची निघाली. म्हणजे शंभरांत पन्नास मुलांच्या पुढे असलेले मूल एकसष्ट मुलांच्या पुढे गेले असे समजा. हे बहुतांश अमेरिकी शाळांचे आहे, ते जसेच्या तसे जालना-बीडला लावता येत नाही. आपल्या जवळचे उदाहरण राजस्थानचे. तिथे मुलींसाठीच्या जीवनकौशल्य आणि मार्गदर्शनाच्या कार्यक्रमाने शाळागळती सुमारे एक चतुर्थांशाने घटली. मला हा आकडा गुणांपेक्षा मोलाचा वाटतो. मुलगी आठवीत घरी गेली तर तिच्या दहावीच्या गुणांचा प्रश्नच उरत नाही. म्हणून पहिल्या वर्षी निकालपत्रकाकडे पाहू नका. सुट्टीनंतर किती मुली परतल्या, रात्री रडणाऱ्या नव्या मुली किती आठवड्यांत रमल्या, वर्गात प्रश्न विचारणाऱ्या तोंडांची संख्या वाढली का, हे लिहून ठेवा.

आता ज्याची मला काळजी वाटते ते. स्वावलंबनाच्या नावाखाली मुलांकडून फुकट काम करून घेणे ही वाट फार जवळून जाते. जावात ‘रोआन’ म्हणजे सगळ्यांनी मिळून केलेली सफाई, श्रमदान. अंगण झाडणे, हौद धुणे इथपर्यंत ते सुंदर आहे. पण २०२५ च्या सप्टेंबरअखेर पूर्व जावातल्या सिदोआर्जो इथे एका पेसांत्रेनची बांधकाम चालू असलेली इमारत नमाजच्या वेळी कोसळली आणि साठाहून अधिक जीव गेले, बहुतेक किशोरवयीन मुले. त्यानंतर सांत्रींकडून बांधकामाची कामे करून घेण्याच्या रीतीवर त्या देशात उघड वाद झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. मी शिक्षकांना एकच कसोटी सांगते. हे काम मुलीने केले नाही तर संस्थेला मजूर लावावा लागेल का? उत्तर हो असेल, तर तो मजूर लावा.

दुसरी काळजी मोठ्या मुलांच्या हातातल्या सत्तेची. वरच्या वर्गाने खालच्या वर्गाला सांभाळायचे, यात शिस्तीचा अधिकारही आपसूक जातो. इंडोनेशियात वरिष्ठांच्या मारहाणीत धाकट्या सांत्रींचा जीव गेल्याच्या घटना घडल्या आहेत. धार्मिक व्यवहार मंत्रालयाने २०२२ मध्ये आपल्या अखत्यारीतल्या शिक्षणसंस्थांसाठी लैंगिक हिंसा रोखण्याचे नियम काढले, कारण गप्प बसून चालण्यासारखे राहिले नव्हते. तेव्हा मोठ्या मुलीला जबाबदारी द्या, शिक्षा करण्याचा अधिकार अजिबात देऊ नका. आणि धाकट्या मुलीला मोठीची तक्रार घेऊन जाता येईल अशी एक बाई ठेवा, जी वसतिगृहाच्या व्यवस्थेत नाही.

तिसरी गोष्ट झोपेची, आणि पालकांच्या धास्तीचे खरे मूळ इथे आहे. पहाटेच्या नमाजआधी उठायचे, सबक, शाळा, अस्रच्या, म्हणजे दुपारनंतरच्या, नमाजनंतर पुन्हा पाठ, मगरिबनंतर, म्हणजे सूर्यास्तानंतर, कुरआन, इशाच्या, म्हणजे रात्रीच्या, नमाजनंतर गृहपाठ. यात दोन तास नवे घातले तर ते कुठून तरी निघतात, आणि बहुधा रात्रीतून निघतात. अपुऱ्या झोपेत हिफ्ज टिकत नाही, गणितही टिकत नाही. मग निकाल घसरतो आणि दोष शिवणाला लागतो. मी पाहिलेल्या चांगल्या संस्थांनी जीवनकौशल्यासाठी वेळ वाढवला नाही. जे आधीच होत होते, म्हणजे भांडार, ग्रंथालय, आजारी मुलींची देखभाल, पाहुणे, धाकट्यांचा अभ्यास, ते मुलींकडे नीट सोपवले आणि शिक्षिकांना त्यावर बसायला वेळ काढून दिला.

आपल्या मातीत हे परके नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या साताऱ्याच्या वसतिगृहात वेगवेगळ्या जातिधर्मांची मुले एकत्र राहून स्वतःचे अन्न स्वतः रांधत होती, आणि ‘कमवा आणि शिका’ हे रयतचे शब्द आजही महाविद्यालयांत चालतात. नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुव्याच्या जामियाने, म्हणजे मोठ्या मदरशाने, दीनी शिक्षणाच्या जोडीला तंत्रशिक्षणाची मोठी व्यवस्था उभी केली आहे. इंडोनेशियाला जाता येणार नाही, अक्कलकुव्याला जाता येईल. तुमच्या दोन शिक्षिकांना तिथे पाठवा.

तुमच्यासाठी क्रम असा सुचवते. जूनपासून नववीच्या मुलींचे पाठ आणि त्यानंतरची टीकेची बैठक, आठवड्यातून एक. सोबत भांडाराची वही दोन मुलींकडे, महिन्याने जोडी बदलायची, आणि रोज इशानंतर पंधरा मिनिटे एका शिक्षिकेने त्यांच्याबरोबर बसायचे. ही पंधरा मिनिटे तिच्या कामाच्या तासांत धरा, वरकड म्हणून लादू नका. संगणक भांडाराच्या हिशेबाला आणि शाळेच्या विज्ञानाच्या तासाला जोडा, वेगळा वर्ग नको. शिवण सहामाहीनंतर, सगळ्या मुलींना, शुक्रवारच्या सुट्टीतला एक तास, आणि पहिले काम म्हणून धाकट्या मुलींचे फाटलेले गणवेश घ्या, कारण ते घालणारी मुलगी समोरच असते आणि शिवण उसवली की दुसऱ्या दिवशी सांगायला येते. पालकांची बैठक दिवाळीच्या सुट्टीआधी घ्या. त्यात भाषण ठेवू नका. एखाद्या नववीच्या मुलीला पालकांसमोर दहा मिनिटे अपूर्णांक शिकवू द्या आणि भांडाराची वही सगळ्यांच्या हातात फिरू द्या. पहिल्या तिमाहीत शिक्षिका कुरकुर करतील, विशेषतः बैठकीत बसण्यावरून. त्यांना वेळ द्या, आणि त्या बैठकीला तुम्ही स्वतःही जाऊन बसा.